रामहरी फिटरचा रामबाण

कळंबच्या रामहरी तात्यांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं आजवर कुणी ऐकलेलं नाही. भवानीनगरच्या साखर कारखान्यात चौतीस वर्षं ते फिटर होते. मशीन करकरलं की वंगण घालायचं, एवढं एक ज्ञान त्यांनी तिथून पक्कं करून आणलं आणि निवृत्तीनंतर ते माणसं, जनावरं, भाऊबंद, सगळ्यांना लावायला घेतलं. माणसं निदान नको म्हणू शकत होती. जनावरांची पंचाईत होती.

त्यातही कुत्र्यांवर तात्यांचा विशेष अभ्यास. स्वतः जन्मात कधी कुत्रं पाळलं नव्हतं, हाच त्या अभ्यासाचा पाया. "पाळणाऱ्याला माया येती, आन् मायेनं निदान चुकतं," असं ते चहाच्या टपरीवर बसून सांगायचे. कुणाचं कुत्रं आळशी असलं की शेपूट तोडा, चपळ होतंय. कुणाचं फार भुंकत असलं की गूळ बंद करा, रक्त तापतंय. आणि खरूज झाली, गोचीड झाले, जखम चिघळली, केस गळाले, तर या सगळ्यांवर एकच रामबाण: जळकं ऑईल. ट्रॅक्टरच्या इंजिनातून काढलेलं, डांबरासारखं काळंकुट्ट. "ज्यानं लोखंडाचा गंज सुटतो, त्यानं कातड्याची खरूज का सुटायची न्हाय?" या प्रश्नाला टपरीवर कुणाकडं उत्तर नसायचं, कारण चहा तात्या पाजत. कुत्रं जगलं तर तात्यांनी वाचवलं. मेलं तर माणसानं उशिरा विचारलं.

त्यांची बायको कुशाबाई या सगळ्यात पडत नसे. ती दिवसातून दहा-बारा वाक्यं बोलायची, पण एकही वाया जायचं नाही.

एकुलता एक मुलगा सौरभ पुण्याला, कंपनीत. लॉकडाऊनमध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला, प्रतिक्षाला, फ्लॅटमध्ये फार एकटं वाटायला लागलं. एकटं वाटल्यावर आईबापाकडं येता आलं असतं, पण त्यांनी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. नाव ब्रूनो. चार वर्षं ब्रूनोचे वाढदिवस झाले, फोटो झाले. मग कंपनीनं सगळ्यांना पुन्हा रोज ऑफिसला बोलावलं आणि चौथ्या मजल्यावरून कुत्र्याला दोन वेळा खाली कुणी न्यायचं, यावरून घरात अबोला धरला गेला. त्या अबोल्यातून तोडगा निघाला तो असा की, एका रविवारी सौरभची गाडी कळंबला दारात उभी राहिली. मागच्या सीटवर पिवळट रंगाचं, कान पाडलेलं, घोटाघोटानं लाळ गाळणारं ते धूड बसलं होतं.

"फक्त दोन महिने, पप्पा," सौरभ म्हणाला. "आणि प्लीज, त्याला कुत्रा म्हणू नका. तो फॅमिली मेंबर आहे."

"मंग फॅमिलीतच ठिवायचा की," कुशाबाई म्हणाली. पण हळू.

ब्रूनोबरोबर एक निळी फाईल आली होती. कुठली लस कधी झाली, पुढची कधी, जंताची गोळी कधी, दिवसाला खाणं किती आणि कशानं मोजायचं, चालवायचं किती, नखं कधी कापायची, कान कशानं पुसायचे. शेवटी दात घासायचा ब्रश आणि त्याची पेस्ट. तात्यांनी ब्रश उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"माझ्या दाढा हालाय लागल्या तवा कुणी बिरूश आणला न्हाय," ते म्हणाले आणि फाईल माळ्यावर टाकली. चौतीस वर्षं मशीन ऐकून दुरुस्त केलेल्या माणसानं कागद वाचून कुत्रं सांभाळायचं म्हणजे इज्जतीचा सवाल होता. बरोबर आलेल्या पिशवीतले कुत्र्याच्या खाण्याचे कोरडे दाणे कोंबड्यांना गेले.

पुढचे सहा महिने ब्रूनोनं जे सुख भोगलं, ते लॅब्राडोरच्या सात पिढ्यांत कुणी भोगलं नसेल. सकाळी म्हशीचं दूध आणि भाकरी. टपरीवर गेला की भजी. लग्नसराईत जिलेबी. बुधवारी, रविवारी मटणाची शिजलेली हाडं. बोरी गावच्या पाहुण्यांनी द्राक्षं आणली, तर मूठभर द्राक्षं. चालणं म्हणाल तर घर ते टपरी, टपरी ते घर. ब्रूनोचं पोट जमिनीकडं आणि तात्यांची मान आभाळाकडं, अशी दोघांची वाढ चालली. "पुण्यात नुसती हाडाची काडी हुती," तात्या सांगायचे. "आता बघा, कसं बैलावानी दिसतंय."

खरं सांगायचं तर तात्यांना कुत्र्याचा लळा लागला होता. कारणही तसंच होतं. उभ्या आयुष्यात त्यांचं बोलणं मध्येच न उठता शेवटपर्यंत ऐकून घेणारा हा पहिला जीव. तात्या कारखान्याच्या मिलहाऊसमधल्या, ऊस पिळायच्या रोलरची गोष्ट सांगायला लागले की ब्रूनो पायाशी बसायचा, मान तिरकी करायचा आणि अगदी योग्य ठिकाणी सुस्कारा सोडायचा.

सौरभचा रोज व्हिडिओ कॉल यायचा. "ब्रूनोला दाखवा. ब्रूनो, बाबा मिस यू. पप्पा, तो लो वाटतोय, त्याला डिप्रेशन तर नाही ना आलं?" तात्यांचा गुडघा त्याच महिन्यात सुजून नारळाएवढा झाला होता. तो कॅमेऱ्यात बसत नव्हता. दोन महिन्यांचे सहा झाले, तरी न्यायचं नाव कुणी काढलं नाही.

उन्हाळा लागला तसा ब्रूनो गारव्याला गोठ्यात जाऊन बसायला लागला. म्हशींच्या गोचिडांना चार वर्षं साबणानं धुतलेलं मऊ अंग मिळालं. एका दुपारी कुशाबाईनं त्याचा कान उलटा केला तर आत तुरीच्या दाण्यासारखे टच्च फुगलेले गोचीड, एकाला एक लागून.

"अवं, त्या फायलीत काय लिवलंय बघा तरी," ती म्हणाली. "न्हायतर डाक्टरला दावा."

"गोचिडाला डाक्टर?" तात्या हसले. "उद्या डासाला वकील लावशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कार्यक्रम झाला. तात्यांनी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याकडून डबाभर जळकं ऑईल आणलं, रंगाचा ब्रश घेतला आणि नाकाच्या शेंड्यापासून शेपटाच्या टोकापर्यंत ब्रूनोला रंगवून काढलं. कानाच्या आत, बोटांच्या फटीत, पोटाखाली. चार-पाच माणसं बघायला जमली होती, त्यामुळं हात जरा जास्तच सढळ चालला. ब्रूनो बिचारा शेपूट हलवत उभा. फॅमिली मेंबर असल्यामुळं चावावं असं त्याच्या मनात आलं नसावं.

बघणाऱ्यांत महिपती होता. पाऊणशे मेंढरांमागं गावोगाव हिंडलेल्या बापाचा हा पोरगा आता मोटारसायकलवर दुधाचे कॅन घालतो, पण मेंढरांबरोबरचं एक कुत्रं त्यानं ठेवलं होतं. हौशा नावाचं. त्या हौशाला पाठीवर खरूज उठली होती. महिपती अदबीनं म्हणाला, "तात्या, उरल्यालं नेऊ का वो?"

"ने. आन् हात राखून लावू नगं," तात्या म्हणाले.

त्या रात्रभर ब्रूनो स्वतःला चाटत राहिला. सकाळी त्यानं काळसर ओकारी केली. भाकरीला तोंड लावलं नाही. दुपारी मोरीच्या ओल्या फरशीवर डोकं टेकून पडला. पोटाखालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती.

"औषध भिनतंय," तात्या म्हणाले. पण त्या दिवशी ते टपरीवर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी ब्रूनो उठायला गेला आणि त्याचे मागचे पाय घसरले. तो पडला, आणि पडल्या पडल्या तात्यांकडं बघून त्यानं शेपटाचं टोक तेवढं हलवलं.

कुशाबाईनं शिडी लावली, माळ्यावरून फाईल काढली, पदरानं पुसली आणि बारामतीला टोमॅटो घेऊन निघालेला छोटा हत्ती टेम्पो रस्त्यात हात करून थांबवला. क्रेटांच्या मधे ब्रूनोला घालून ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तात्या पुढं ड्रायव्हरशेजारी. वाटेत ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालंय कुत्र्याला?" तर तात्या म्हणाले, "हवा मानवली न्हाय."

बारामतीत जनावरांच्या दवाखान्यात तात्या पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. डॉक्टर म्हणजे कुणी टक्कल पडलेला, चष्म्याचा गृहस्थ असेल असं त्यांनी धरलं होतं. आतून तिशीही न गाठलेली मुलगी आली. दारावरच्या पाटीवर डॉ. राजनंदिनी एवढंच तात्यांनी वाचलं आणि त्यांना जरा धीर आला. हिला गुंडाळणं अवघड नव्हतं.

तिनं आधी ब्रूनोला काट्यावर चढवलं. सेहेचाळीस किलो.

"याचं वजन बत्तीस-चौतीस असायला हवं," ती म्हणाली. "काय खातो?"

"साधंच. आपलं भाकरी-दूध."

"आन् जिलेबी," मागून कुशाबाई म्हणाली. "आन् भजी, हाडं, द्राक्षं."

"द्राक्षं?" डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "आजी, द्राक्षानं कुत्र्याची किडनी जाऊ शकते. शिजलेल्या हाडाची कपची आतडं फाडू शकते. नशीब म्हणायचं." मग तिनं ब्रूनोच्या अंगावरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि तात्यांकडं पाहिलं. "ऑईल कुणी लावलं?"

"लावलं न्हाय. लोळला," तात्या म्हणाले. "शेजारी ट्रॅक्टर खोलला हुता, तिथं जाऊन लोळला. पुण्याचं कुत्रं, त्याला काय कळतंय."

"लोळला. आणि दोन्ही कानांच्या आत?"

"लय लोळला."

"बोटांच्या फटीत पण?"

तात्यांनी छताकडं पाहिलं. तिथं पंखा होता. तो करकरत होता, आणि एरवी त्यावर ते अर्धा तास बोलले असते.

त्याच वेळी बाहेरच्या खोलीत गडबड झाली. पोत्यात गुंडाळलेलं कुत्रं खांद्यावर घेऊन महिपती आत आला. हौशाची पाठ सोलून निघाली होती आणि तोही काळाकुट्ट माखलेला. डॉक्टरीण आता खरंच चिडली. "आज काय सगळ्या तालुक्यातली कुत्री ट्रॅक्टरखाली लोळलीत का? याला हे कुणी लावायला सांगितलं?"

महिपतीचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस दिसल्यावर परक्या ठिकाणी माणसाला धीर येतो, तसा.

"ह्ये काय, तात्या हितंच हायती की," तो म्हणाला. "त्यांनीच दिलं. लय जानकार माणूस हाय, म्याडम. तुमी त्यांनाच इचारा, किती दिस ठिवायचं अंगावर."

कुशाबाई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता लक्ष देऊन वाचायला लागली. तिला वाचता येत नव्हतं.

डॉक्टरीण तात्यांवर ओरडली नाही, हे फार वाईट झालं. ओरडली असती तर तात्यांनी वयाचा मान काढला असता. तिनं शांतपणे समजावून सांगितलं. इंजिनातलं वापरलेलं तेल म्हणजे विष. ते कातडीतून आत जातं, आणि कुत्रं चाटतं तेव्हा पोटातून लिव्हरला जातं. गोचीड त्यानं गुदमरतात, पण त्यांच्याबरोबर कुत्रंही. शिवाय गोचिडांनी ताप सोडला असेल तो वेगळाच, त्यासाठी रक्त तपासावं लागेल. मग तिनं भांडी घासायच्या साबणाची बाटली आणि हातमोजे पुढं केले. "तुम्ही लावलंत, तुम्हीच काढा. मागं नळ आहे. कोमट पाणी देते. चोळून नाही, हळू. आणि दोन्ही कुत्र्यांचं."

दवाखान्याच्या मागच्या अंगणात रामहरी तात्या सुजलेल्या गुडघ्यावर बसून दोन तास दोन कुत्री धूत होते. फेस काळा यायचा, पुन्हा साबण, पुन्हा पाणी. महिपती हौशाला धरून बसला होता आणि अधूनमधून म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या तात्या, मी करतो." त्याच्या आवाजात एवढासाही राग नव्हता, आणि तेच तात्यांना सोसवेना. ब्रूनो थरथरत उभा होता. तिसऱ्या वेळी पोटाखालच्या लाल कातडीला हात लागला तसा तो कण्हला, आणि ज्यानं दुखवलं त्याच हाताला नाक लावलं. तात्यांचे डोळे भरून आले. कुशाबाईनं पाहिलं, तर म्हणाले, "साबण गेला."

ब्रूनो चार दिवस सलाईनवर होता. रक्तात गोचिडाचा ताप निघाला. तात्या रोज पहिल्या एसटीनं बारामतीला जायचे आणि दिवसभर त्याच्या पिंजऱ्यापाशी स्टूल टाकून बसायचे. अंग चाटू नये म्हणून गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं अडकवलेला ब्रूनो आणि समोर तात्या. पण रोलरची गोष्ट निघाली नाही. सौरभला खरं सांगायचं धाडस तात्यांना झालं नाही. नुसता ताप आहे म्हणाले. सौरभनं सलाईन लावलेला फोटो मागवून घेतला, इन्स्टाग्रामवर टाकला आणि संध्याकाळी फोन करून सांगितलं, की दोनशेच्या वर लोकांनी ब्रूनोसाठी प्रार्थना केलीय. शनिवारी येतो म्हणाला होता. शनिवारी मीटिंग निघाली.

पाचव्या दिवशी ब्रूनो उठून पाणी प्याला. महिनाभराच्या गोळ्या आणि लांबलचक पथ्य घेऊन घरी आला. आणि मग कळंबनं एक चमत्कार पाहिला. रामहरी तात्या फाईल वाचायला लागले. नाकावर चष्मा, हातात पेन, वाक्यावाक्याखाली रेघ. पहाटे साडेपाचला, रस्ता तापायच्या आत, तात्या आणि ब्रूनो कालव्याच्या कडेनं चालायला. खाणं मापून. गोठ्याला चुना, ब्रूनोला गोठा बंद. रोज कान उलटा करून बघायचा. दात घासताना पहिल्या दिवशी ब्रूनोनं पेस्ट खाल्ली, पण ती खाल्ली तरी चालते असं फाईलमध्ये होतं. महिपतीच्या हौशासाठीही गोळ्या तात्यांनीच आणून दिल्या, ते मात्र टपरीवर कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या आयुष्यात न सांगितलेली ही बहुधा एकच गोष्ट असेल.

एवढ्यानं माणूस सुधारला असं कुणी समजू नये. सल्ला बदलला, सल्लागार तोच राहिला. महिन्याभरात टपरीवर तात्या 'लिव्हर' हा शब्द असा वापरायला लागले, जणू तो त्यांनीच कारखान्यात तयार केला होता. दिवाळीत सौरभ कुत्र्यासाठी खास केक घेऊन आला, तेव्हा तात्यांनी त्याला अर्धा तास दारात उभं करून साखर, चरबी आणि सांधे यावर ऐकवलं. "फॅमिली मेंबरला मारायचाय का तुला?" म्हणाले. केक सौरभ आणि प्रतिक्षानं पुण्याला जाताना गाडीत खाल्ला. ब्रूनोला न्यायचा विषय त्यांनी काढला नाही. तात्यांनीही काढला नाही, आणि या बाबतीत बापलेकांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

थंडीत डॉक्टर राजनंदिनींनी कळंबच्या शाळेच्या मैदानात कुत्र्यांना रेबीजची लस टोचायचं शिबिर घेतलं. अध्यक्ष कोण, हे कुणी ठरवलं नव्हतं. तात्या फेटा बांधूनच आले. माईक हातात घेऊन म्हणाले, "आपल्या भागात अजून काय काय अडाणी लोकं हायती. कुत्र्याला जळकं ऑईल लावत्यात. अशांची मला कीव येती." डॉक्टरीण सिरिंज भरता भरता खोकली. पहिल्या रांगेत महिपती हौशाला घेऊन बसला होता. त्यानं मान हलवली. कुशाबाई बायकांत बसली होती. ती म्हणाली, "मला रोज येती." पण हळू.

हे खरं की दिवसभर कुत्री धरायचं काम तात्यांनीच केलं. मालक भिऊन लांब उभे राहायचे आणि तात्या मानगूट धरून, तोंडानं काहीबाही बोलत त्यांना उभं करायचे. पन्नासावर कुत्री झाली. त्यानंतर एका भटक्या तपकिरी कुत्र्यानं तात्यांचं भाषण ऐकून न घेता त्यांच्या मनगटाला दात लावले.

लगेच चार माणसं धावली. एकानं चुना आणला, एकानं मिरचीपूड, एक जण म्हणाला माती दाबा. तात्या गरजले, "हात लावायचा न्हाय कुणी. साबण आणा." डॉक्टरीणबाई घड्याळ लावून उभ्या राहिल्या आणि तात्या शाळेच्या नळाखाली हात धरून पंधरा मिनिटं धूत बसले. धुता धुता लोकांना सांगत होते, की पंधरा म्हणजे पंधरा, चौदा चालत नाहीत. आवाज खणखणीत होता. पंधरा झाली तरी हात मात्र त्यांनी नळाखालून काढला नाही.

लस घ्यायला इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात जायचं होतं. महिपतीनं मोटारसायकलचे दुधाचे कॅन सोडले आणि तात्यांना मागं बसवलं. फेटा सोडून त्यांनी काखेत मारला होता. दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर चालले होते. हमरस्ता आल्यावर महिपतीनं मान किंचित मागं वळवली.

"तात्या, एक इचारू का? ती अडाणी लोकं म्हंजी कोण वो?"

तात्यांनी धुतलेला हात छातीशी धरला.

"गाडी बघून चालीव," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, वाऱ्यात जेमतेम ऐकू येईल असं, "हौशाच्या पाठीवर केस आलं का रं?"

"आलं की," महिपती म्हणाला. "येक पट्टा ऱ्हायलाय तेवढा."

दवाखान्यात लांब रांग होती. पहिली सुई झाली आणि अजून तीन वेळा यायचं म्हणून चिठ्ठी मिळाली. महिपतीला वाचायला दिली तर तो म्हणाला, तारखा मी ध्यानात ठेवीन. तो चारही वेळा त्यांना घेऊन गेला.